विश्लेषण : 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' यांच्या मोटारसायकल अपघाताचा आपल्या डोक्यावरच्या हेल्मेटशी काय संबंध?

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी असो की नंदुरबार जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव, मोटारसायकलवाल्याचे प्रवास दोन प्रकारचे असतात. एक मोठा प्रवास. तोरणमाळचा घाट, सारंगखेड्याची यात्रा किंवा मित्रांसोबत रजा टाकून काढलेली आठ दिवसांची लांब सहल. त्याआधी गाडी गॅरेजला जाते, ऑइल बदलले जाते, चेन ताणून घेतली जाते, टायर पाहिले जातात, पिशवीत पाने आणि पंक्चरचे सामान पडते आणि हेल्मेट आठवणीने घेतले जाते. दुसरा प्रवास रोजचा. शहाद्याला बियाणे आणायला, बँकेत, दवाखान्यात किंवा शेतात डबा पोहोचवायला. त्या वेळी हेल्मेट घरात खुंटीवरच राहते, कारण जवळच तर जायचे असते.

सुमारे ९० वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका जगप्रसिद्ध माणसाचा अशाच जवळच्या फेरीत अपघात झाला. दिवसाला आठशे किलोमीटर मोटारसायकल चालवणारे हे गृहस्थ घराजवळच्या टपाल कचेरीतून परतत होते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी एकाला हा मृत्यू विसरता आला नाही. आज कायद्याने डोक्यावर येणाऱ्या हेल्मेटच्या इतिहासात त्या डॉक्टरचे काम महत्त्वाचे मानले जाते. हे गृहस्थ म्हणजे टी. ई. लॉरेन्स, अर्थात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'.

लॉरेन्स कोण होते?

थॉमस एडवर्ड लॉरेन्स यांचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समध्ये झाला. शिक्षण ऑक्सफर्डला. पहिल्या महायुद्धात अरबांनी तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला, त्या उठावात ब्रिटिशांचा माणूस म्हणून ते अरबांसोबत वाळवंटात वावरले. जुलै १९१७ मध्ये अकाबा बंदर घेतले गेले आणि पुढच्या वर्षी दमास्कस पडले. युद्धानंतर एका अमेरिकी पत्रकाराने त्यांच्यावर चित्रफितींचे खेळ गावोगावी केले आणि लॉरेन्स घराघरांत पोहोचले. १९६२ मध्ये डेव्हिड लीन यांनी त्यांच्यावर काढलेला चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. आपले आय. एस. जोहर त्यात एका अरबाच्या भूमिकेत आहेत. तो चित्रपट उंटांसाठी लक्षात राहतो, पण त्याची सुरुवात मोटारसायकलने होते.

अरबांना दिलेली आश्वासने ब्रिटन आणि फ्रान्सने पाळली नाहीत. त्या व्यवहारात लॉरेन्स यांची नेमकी भूमिका काय होती, यावर इतिहासकार आजही भांडतात. एवढे मात्र खरे, की युद्धानंतर त्यांना आपले नाव, हुद्दा आणि कीर्ती नकोशी झाली. कर्नलपदापर्यंत पोहोचलेला हा माणूस ऑगस्ट १९२२ मध्ये खोट्या नावाने ब्रिटिश हवाई दलात साधा सैनिक म्हणून भरती झाला. वर्तमानपत्रांनी ते उघड केल्यावर त्यांना काढून टाकण्यात आले. मग १९२३ मध्ये ते 'शॉ' या नावाने रणगाडा दलात शिरले. डॉर्सेट परगण्यातील बोव्हिंग्टन छावणीत त्यांची नेमणूक झाली. तिथून जवळच 'क्लाउड्स हिल' नावाचे पडके घर त्यांनी घेतले आणि दुरुस्त केले. १९२५ मध्ये ते पुन्हा हवाई दलात आले. या सगळ्या वर्षांत एकच गोष्ट त्यांच्यासोबत कायम राहिली, ती म्हणजे ब्रफ सुपीरियर मोटारसायकल.

प्रवासाचे वेड कुठून आले?

हे वेड मोटारसायकलच्या आधीचे. विद्यार्थी असताना १९०८ च्या उन्हाळ्यात मध्ययुगीन किल्ले पाहण्यासाठी त्यांनी फ्रान्समध्ये सायकलवरून सुमारे २,४०० मैल, म्हणजे जवळपास ३,८०० किलोमीटर प्रवास केला. पुढच्या वर्षी सीरियातले किल्ले बहुतांशी पायी फिरून पाहिले. गड पाहण्यासाठी वाट तुडवणाऱ्यांचे आपल्याकडे नवल नाही, पण हे शंभर वर्षांपूर्वीचे आणि एकट्याने केलेले.

१९२२ मध्ये त्यांनी पहिली ब्रफ घेतली. बायबलमध्ये येशूने आपल्या दोन शिष्यांना 'गर्जनेचे पुत्र' या अर्थाचे 'बोआनेर्जेस' हे नाव दिल्याचा उल्लेख आहे. लॉरेन्स यांनी ते आपल्या गाडीला दिले. पुढच्या गाड्यांना त्यांनी राजांसारखे क्रमांक दिले, 'जॉर्ज पहिला', 'जॉर्ज दुसरा' असे. हा जॉर्ज म्हणजे गाडी बनवणारे जॉर्ज ब्रफ. अशा एकूण सात ब्रफ त्यांनी वापरल्या.

ही गाडी एवढी खास का होती?

नॉटिंगहॅम शहरातील जॉर्ज ब्रफ यांच्या कारखान्यात १९१९ ते १९४० या काळात जेमतेम तीन हजार गाड्या तयार झाल्या. मोटारसायकलींतली रोल्स-रॉइस म्हणून ती ओळखली जाई. लॉरेन्स यांची आवडती 'एसएस १००' १९२४ मध्ये बाजारात आली. नावातला शंभरचा आकडा ताशी १०० मैल वेगाचा, म्हणजे १६० किलोमीटरचा. एवढा वेग गाडी गाठते, अशी लेखी हमी कारखाना देत असे. इंजिन जे. ए. प्रेस्टविच कंपनीचे, इंग्रजी 'व्ही'च्या आकारात मांडलेल्या दोन सिलिंडरचे. तेव्हा सेल्फ स्टार्ट कुठला. किक मारायची, तीही ठिणगीची वेळ हँडलवरच्या छोट्या दांडीने मागेपुढे करून. ती चुकली तर किक उलटी पायावर यायची.

किंमत सुमारे १७० पौंड. एका पौंडाचे वीस शिलिंग आणि साध्या सैनिकाचा रोजचा पगार काही शिलिंग. हिशेब वाचकांनीच करावा. हप्ते, जुनी गाडी देऊन नवी घेणे, मित्रांची मदत, सगळे उपाय लॉरेन्स यांनी केले. १९२९ मध्ये तर नाटककार बर्नार्ड शॉ यांच्या पत्नी शार्लट आणि इतर स्नेह्यांनी त्यांना नवी कोरी ब्रफ भेट दिली. एवढी महाग भेट फुकट घेणे त्यांच्या जिवावर आले.

मालक म्हणून लॉरेन्स कसे होते?

हा भाग आजच्या मोटारसायकलवाल्याने सावकाश वाचावा. सप्टेंबर १९२६ मध्ये लॉरेन्स यांनी जॉर्ज ब्रफ यांना एक पत्र लिहिले. कोणीही गाडीमालक मित्राला सांगेल तोच हिशेब त्या पत्रात आहे. चार वर्षांत पाच ब्रफवर मिळून एक लाख मैल, म्हणजे एक लाख साठ हजार किलोमीटर पूर्ण झाले. १९२२ आणि १९२३ मध्ये कारखान्यातून सुटे भाग सारखे मागवावे लागले. १९२५ आणि १९२६ मध्ये मात्र गाडी वाटेत एकदाही बंद पडली नाही. पेट्रोलचा ॲव्हरेज आजच्या मापात लिटरला १८ ते २३ किलोमीटर. एक टायर आठ ते साडेनऊ हजार किलोमीटर टिकतो. ऑइल साधारण १,४०० किलोमीटरला एक लिटर लागते. हा आकडा आज भयंकर वाटेल, पण त्या काळच्या इंजिनात ऑइल फिरून परत येत नसे, वापरले की जळून किंवा गळून जाई. चार वर्षांत विम्याचा दावा एकच, तोही पाच पौंडांच्या आतला.

पल्ल्यांचे आकडेही त्याच पत्रातले. दिवसाला ५०० मैल नेहमीचे आणि प्रसंगी ७०० मैलसुद्धा. ब्राह्मणपुरीहून मुंबईला जाऊन त्याच दिवशी परत यायचे, असा हा मामला. आणि रस्ते आजच्यासारखे नव्हते. लॉरेन्स मात्र खड्ड्यांच्या रस्त्यावर मुद्दाम वेग वाढवून गाडी घोड्यासारखी उधळते कशी, ते अनुभवत. आपण वेगवेडे नसल्याचेही त्यांनी तिथेच नमूद केले आहे. गावातून हळू जायचे आणि मोकळ्या रस्त्यावर भरपाई करायची, हा त्यांचा शिरस्ता. प्रत्येक बाइकवाल्याला आपल्याबद्दल असेच वाटत असते.

हवाई दलातील दिवसांवर त्यांनी लिहिलेले 'द मिंट' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले एक प्रकरण मोटारसायकलवरच आहे. सुटी मिळाली की क्रॅनवेलच्या छावणीतून निघायचे, लिंकन शहरात जायचे, वाटेत आकाशातल्या विमानाशी शर्यत लावायची. परतताना मात्र बरॅकीतल्या सोबत्यांसाठी खाण्याचे सामान घेऊन यायचे. हजार सीसीची, इंग्लंडमधील सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक आणि तिच्यावर कामे वाण्याकडची.

रस्त्यावर अडलेल्यांना मदत करण्याची सवयही होती. १९२६ मध्ये अशाच एकाची बंद मोटार सुरू करून देण्यासाठी त्यांनी पुढचे हँडल फिरवले. इंजिनाने उलटा झटका दिला आणि उजव्या हाताचे हाड मोडले. मग एका हाताने मोटारसायकल चालवत ते छावणीत परतले. त्याच वर्षाच्या शेवटी लंडनमध्ये निसरड्या रस्त्यावर त्यांची गाडी घसरली आणि गुडघा दुखावला. टायरचे किलोमीटर मोजून ठेवणाऱ्या या माणसाने अशा घसरण्यांना फारसे मनावर घेतले नाही. डोक्याला काही झाले नव्हते.

भारतात ते कसे आले?

डिसेंबर १९२६ मध्ये लॉरेन्स सैनिकी जहाजाने निघाले आणि जानेवारी १९२७ मध्ये कराचीत उतरले. त्या काळी कराची मुंबई इलाख्यात होती आणि आपला पश्चिम खानदेश जिल्हाही त्याच इलाख्यात. कराचीच्या द्रिघ रोड तळावर त्यांना काम मिळाले ते विमानांच्या इंजिन दुरुस्ती विभागात, कारकुनाचे. ब्रफ इंग्लंडमध्येच राहिली होती. १९२८ मध्ये त्यांची बदली वझिरिस्तानातील मीरनशाहच्या चौकीत झाली. तेवढ्यात अफगाणिस्तानात राजा अमानुल्लाविरुद्ध बंड पेटले आणि लॉरेन्स हेरगिरी करत असल्याच्या बातम्या जगभर पसरल्या. सरकार अडचणीत आले. जानेवारी १९२९ मध्ये मुंबई बंदरातून त्यांना घाईने मायदेशी पाठवण्यात आले. वर उल्लेख केलेली भेटीची ब्रफ त्यानंतरची.

पुढची काही वर्षे त्यांची यंत्रांत गेली. समुद्रात पडलेल्या विमानांतील माणसे वाचवण्यासाठी वेगवान मोटरबोटी तयार करण्याच्या कामात ते होते. त्यांची इंजिने तपासणे, चाचणी घेणे, वापराची माहितीपुस्तिका लिहिणे हे सगळे त्यांनी केले. हे काम त्यांना अरबस्तानातल्या पराक्रमापेक्षा अधिक समाधान देणारे वाटत असावे, असे त्यांची पत्रे वाचून वाटते.

१३ मे १९३५ रोजी काय घडले?

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी लॉरेन्स हवाई दलातून निवृत्त झाले. शेवटच्या ठाण्यावरून ते निघाले तेही सायकलवर. पगार थांबला होता. यापुढे ब्रफ परवडेल की नाही, ही चिंता होती. तरी क्लाउड्स हिलला त्यांची सातवी ब्रफ होतीच. १९३२ ची, नोंदणी क्रमांक जीडब्ल्यू २२७५. कारखान्यात आठवीही तयार होत होती.

तो काळ रस्त्यांच्या दृष्टीने वाईट होता. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने मोटारींची जुनी वेगमर्यादा उठवली गेली. १९३४ मध्ये तिथे रस्त्यांवर ७,३४३ माणसे मरण पावली. त्यानंतर मार्च १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा परत आली आणि वाहन चालवण्याची परीक्षा सक्तीची झाली ती १ जून १९३५ पासून. हेल्मेटचा मात्र कोणी विचारही करत नव्हता.

हेल्मेट अस्तित्वातच नव्हते, असे नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच शर्यतीतल्या स्वारांसाठी ते सक्तीचे झाले होते. ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावरील एका डॉक्टरने डोक्याच्या जखमा पाहून ते करवून घेतले होते. पण हेल्मेट शर्यतीत घालायचे, रस्त्यावर टोपी पुरे, अशी समजूत होती. अनुभवी माणसांचीही.

१३ मे रोजी सकाळी लॉरेन्स गाडीवरून बोव्हिंग्टनच्या टपाल कचेरीत गेले. अंतर दोनेक किलोमीटर. लेखक हेन्री विल्यमसन यांना दुसऱ्या दिवशी जेवायला या, अशी तार करायची होती. तार झाली. साडेअकराच्या सुमारास ते परत निघाले. घर काहीशे मीटरवर आले होते. तिथे रस्त्याला उतार-चढ आहे, खोलगट भागात पुढचे दिसत नाही. त्या भागात दोन मुले सायकलवरून त्याच दिशेने जात होती. ती अचानक दिसताच लॉरेन्स यांनी गाडी बाजूला घेतली. एका सायकलला धक्का लागला आणि ते हँडलवरून पुढे फेकले गेले. मुलाला किरकोळ लागले. लॉरेन्स यांच्या डोक्याला जबर मार बसला.

चौकशीत एका सैनिकाने समोरून काळी मोटार आल्याचे सांगितले, मुलांनी मोटार पाहिली नव्हती. त्या काळ्या मोटारीवरून कटकारस्थानाच्या कथा अजून सांगितल्या जातात. पुरावा कशालाच नाही. पंचांनी अपघाती मृत्यू असाच निर्णय दिला. मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली सापडली होती. त्यावरून वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास असावा, असा तर्क पुढे मांडला गेला. १६० ची हमी असलेल्या गाडीवर साठचा वेग, आणि तो पुरला.

सहा दिवस ते शुद्धीवर आले नाहीत. १९ मे १९३५ रोजी बोव्हिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. वय ४६. अंत्यविधीला चर्चिल आले होते.

मग त्या डॉक्टरचे काय?

लॉरेन्स यांच्या उपचारासाठी बोलावलेल्या तज्ज्ञांत ह्यू केर्न्स हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे मेंदूशल्यविशारद होते. करण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. पण मोटारसायकलवरचे तरुण केवळ डोक्याला लागून मरतात, बाकी शरीर धड असते, हे त्यांच्या मनात घर करून बसले.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर संधी मिळाली, तीही दुःखद. लष्करात निरोप पोहोचवणारे हजारो स्वार मोटारसायकलींवर होते आणि रात्री दिवे मालवून प्रवास चाले. केर्न्स यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले मरण पावले होते. युद्धापूर्वीच्या तेवढ्याच काळापेक्षा ही संख्या सुमारे २१ टक्क्यांनी जास्त होती. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्यांना फक्त सात सापडले. सातही जगले. सात हा आकडा शास्त्राच्या दृष्टीने लहान आहे, हे केर्न्स यांना माहीत होते. म्हणून ते तिथे थांबले नाहीत.

नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश लष्कराने कामावरील स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. ऑक्सफर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ हॉलबर्न यांना सोबत घेऊन केर्न्स यांनी मार बसताना कवटीच्या आत मेंदूचे काय होते, याचा अभ्यास चालू ठेवला. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्यांनी मृत्यूंचे आकडे घटल्याचे दाखवले. सर्वसामान्य ब्रिटिश नागरिकांसाठी हेल्मेट सक्तीचे व्हायला मात्र १ जून १९७३ उजाडावा लागला. केर्न्स १९५२ मध्येच वारले होते.

हेल्मेट नेमके काय करते? डोके रस्त्यावर आदळले की कवटी एका क्षणात थांबते, आतला मेंदू थांबत नाही, तो कवटीवर आदळतो आणि पिळवटला जातो. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर चेपतो आणि डोके थांबायला काही मिलिसेकंद अधिक देतो. बचाव तेवढ्यातच असतो. तो थर एकदा चेपला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून अपघातात आदळलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलायचे असते. आणि हनुवटीचा पट्टा लावलेला नसेल तर हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडते.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ नुसार चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणाचे हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी घालणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड एक हजार रुपये झाला आणि तीन महिने परवाना निलंबित करण्याची तरतूद आली. १ जून २०२१ पासून मानकाचा शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. रस्त्याकडेला प्लॅस्टिकच्या टोप्या मांडलेल्या दिसतात, तो भाग वेगळा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हेल्मेट नसलेल्या दुचाकीवरील मृतांची संख्या ५०,०२९. त्यात चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. मागे बसलेल्यांमध्ये कोण असते, हे वेगळे सांगायला नको. गावाकडे तालुक्याला जाताना मागे आई असते, बायको असते, शाळेतले पोर असते.

जीडब्ल्यू २२७५ ला त्या सकाळी फार काही झाले नव्हते. थोडी वाकली, थोडी खरचटली. दुरुस्त होऊन ती विकली गेली, नंतर लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये लोकांना पाहण्यासाठीही ठेवली गेली, आणि ती आजही शाबूत आहे. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात तयार होत असलेली आठवी ब्रफ घ्यायला मात्र लॉरेन्स गेले नाहीत.